११,२२५ मतांचा माणूस : पी. बाळू आणि आपली यशाची मोजपट्टी

१९३७ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. मुंबई शहरातल्या भायखळा-परळ भागातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांना १३,२४५ मते मिळाली आणि ते निवडून आले. समोरच्या काँग्रेसच्या उमेदवाराला ११,२२५ मते मिळाली. तो पडला.

भीमजयंतीच्या प्रश्नमंजूषेत या निवडणुकीवर एखादा प्रश्न हमखास असतो. पक्षाचे नाव विचारतात, साल विचारतात. पडलेल्या उमेदवाराचे नाव कोणी विचारत नाही, आणि विचारले तर बहुतेक हात खालीच राहतात. तो उमेदवार म्हणजे बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जगात पी. बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला, हिंदुस्थानातला पहिला मोठा गोलंदाज. आपल्यातल्या अनेकांच्या लेखी तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिलेला माणूस, म्हणून हिशेबातून वजा. क्रिकेटवाल्यांच्या लेखी तो कसोटी न खेळलेला, म्हणून तिथेही वजा. दोन्हीकडून वजा झालेल्या या माणसाचे आयुष्य आम्हाला आज सांगावेसे वाटते.

त्याचे कारणही सांगतो. आम्ही इनामगावकडचे, शिरूर तालुक्यातले. कोरेगाव भीमा गाव आमच्याच तालुक्यात. १ जानेवारीला तिथे येणाऱ्या लाखोंना आम्ही विजयाची गोष्ट सांगतो आणि ती सांगायलाच हवी. पण उरलेले ३६४ दिवस आमची पोरे जे जगतात त्यात विजय कमीच असतात. पहाटे घोडनदीच्या रस्त्याला धावणारे दहा असतात, पोलीस भरतीच्या यादीत नाव लागते एकाचे. एमपीएससीचे चार-पाच प्रयत्न झालेला मुलगा गावात दिवसा बाहेर पडायचे टाळतो. टेनिस बॉलच्या स्पर्धेत शेवटच्या षटकात झेल सोडलेल्याला वर्षभर त्याच नावाने हाक मारतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे यादीत नाव न लागलेले पोर हळूहळू विहारात यायचेही बंद होते. जणू विहार हे पास झालेल्यांचे सत्कार करण्याचे ठिकाण आहे. या पोरांना सांगायला आमच्याकडे बाळूंइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातले. पालवण गावावरून पालवणकर आडनाव पडले. वडील लष्कराकडच्या नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आले. लष्करी गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. घरी पैशांची गरज होती, म्हणून शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात मिळाली. काम होते मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये.

पुढे साधारण १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात लागले. हा युरोपियनांचा क्लब. इथे पगार एक रुपयाने वाढला. खेळपट्टी तयार करायची, चुना मारायचा, जाळ्या उभ्या करायच्या. एका इंग्रज सभासदाने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितले आणि या पोराचा डावा हात काय चीज आहे ते सगळ्यांना कळले. चेंडू संथ यायचा, पण टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा भरवसा नसायचा. त्या काळचा पुण्यातला सर्वांत नावाजलेला इंग्रज फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हा इतर सभासद यायच्या तासभर आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा. बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असेल किंवा नसेल. पण महिना चार रुपये पगार असलेल्या पोराने आठवड्यात दोन-तीनदा साहेबाची यष्टी उडवली असती, तर पगाराइतकी वरकमाई झाली असती, एवढा हिशेब आम्ही करून पाहिला.

या गोष्टीतली दुसरी बाजू आम्हाला जास्त टोचते. त्या सगळ्या वर्षांत, हजारो चेंडू टाकूनही, बाळूंच्या हातात पूना क्लबाच्या जाळीत कोणी एकदाही बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे अंगमेहनतीचे काम, ते नोकराने करायचे. बॅट धरणे हा साहेबाचा मान. इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही तेव्हा असाच भेद होता. पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक खेळाडू बहुतेक गोलंदाज असत आणि हौशी सज्जन मंडळी फलंदाजी करत. दोघांची मैदानात उतरायची दारेसुद्धा वेगळी असत. इंग्लंडने व्यावसायिक खेळाडूला, लेन हटनला, कसोटी कर्णधार केले ते १९५२ साली. विसाव्या शतकातला तो असा पहिलाच. म्हणजे राबणाऱ्या हाताला डोके असते हे मान्य करायला तिथेही अर्धे शतक गेले. आपल्याकडे त्यावर जातीचा थर होता, एवढाच फरक. पण हा एवढाच फरक फार मोठा होता.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकेल असा गोलंदाज त्याच युरोपियनांच्या मैदानावर रोलर ओढत होता. क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद बाळूंना घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण सभासदांतून विरोध होता. शेवटी जिंकायची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानात सगळे त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की सगळे आत जात आणि बाळू बाहेर थांबत. त्यांना चहा मिळे मातीच्या, पिऊन फेकून द्यायच्या भांड्यात. तोंड धुवायचे असेल तर पाणी ओतायला क्लबातला दुसरा अस्पृश्य नोकर कोपऱ्यात यायचा. जेवणाची पंगत वेगळी, ताट वेगळे. आम्हाला यात एक गोष्ट नेहमी आठवते. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. तो गाईच्या कातड्याचा चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षकाला दिवसभर हातात चालत होता, पॅन्टला घासून चकचकीत करायलाही चालत होता. चामड्याचे काम करणाऱ्या जातीत जन्मलेल्या माणसाचा कप मात्र चालत नव्हता.

पुण्याच्या संघाने युरोपियनांना हरवले. मग साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंची फिरकी वळूच नये म्हणून तिथल्या लोकांनी आठवडाभर खेळपट्टी दाबून गुळगुळीत केली, असे सांगतात. बाळूंनी सात बळी घेतले. आम्हाला तरी यात आश्चर्य वाटत नाही. ज्याने आयुष्याची सुरुवातच रोलर ओढण्याने केली, त्याला दाबलेली खेळपट्टी काय करते आणि काय करत नाही हे साताऱ्याच्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक असणार. या विजयानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी एका जाहीर समारंभात पुण्याच्या खेळाडूंचे कान उपटले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. टिळकांनीही जाहीर सभेत बाळूंचा गौरव केल्याची नोंद आहे. सत्कार झाले, हार पडले. कपाचा प्रश्न मात्र एका भाषणाने सुटला नाही.

१८९६ ला प्लेग आला. पालवणकर कुटुंब मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळूंना घेण्यावरून पुन्हा तोच वाद झाला, या वेळी काही गुजराती सभासदांकडून. पण संघाच्या कर्णधाराने आग्रह धरला आणि बाळू आत गेले. रेल्वेत नोकरी लागली. मुंबईत एक फरक पडला. इथे संघातले लोक त्यांच्याबरोबर बसून जेवू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. त्या सामन्यात शिवरामही खेळले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने मात्र त्यात वेगळीच गोष्ट टिपली. पुण्याच्या खेळाडूंनी या भावांना खेळायला घेतले आणि मुंबईच्या खेळाडूंनी पंगतीला घेतले, हा प्रवास त्या पत्राला धावसंख्येइतकाच मोलाचा वाटला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका संपादकाला धावफलकाच्या बाहेर पाहता आले, हे आम्हाला विशेष वाटते. आजच्या खेळाच्या पानांवर असे काही क्वचितच सापडते.

आता १९११. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान सगळे एका संघात, त्यात बाळू आणि शिवराम. महाराज स्वतः मोजकेच सामने खेळले, बाकीचा वेळ त्यांचा मेजवान्यांत गेला. संघ २३ सामने खेळला. त्यांपैकी जिंकले ६, हरले १५, अनिर्णित राहिले २. धावफलकाची मोजपट्टी लावली तर हा दौरा फसला. पण या फसलेल्या दौऱ्यात खांदा दुखत असतानाही बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांतले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी, आणि तो सामना हिंदुस्थानने जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद ११३ काढून एक गडी राखून विजय मिळवून दिला. म्हणजे प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत हिंदुस्थानला जे दोनच विजय मिळाले, त्या दोन्हींवर या दोन भावांची छाप आहे. कोण्या राजाच्या नावाने गेलेला दौरा पालवणकरांच्या खांद्यावर तगला.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्कारातल्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर होते, असे क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाचे अभ्यासक रामचंद्र गुहा यांनी लिहिले आहे. तरुण भीमरावांना बाळूंचा अभिमान वाटत असे. वाटणारच. त्या काळात या समाजातल्या पोराला भिंतीवर लावायला फोटो तरी कोणाचा होता?

आता कर्णधारपदाकडे येतो, कारण बाळूंच्या आयुष्यातली सर्वांत लांब हार तीच आहे. १९१२ पासून मुसलमानांचा संघही आल्याने मुंबईचे सामने चौरंगी झाले. बाळू हिंदू संघातले सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी खेळाडू. दर वर्षी त्यांना कर्णधार करा अशी मागणी व्हायची आणि दर वर्षी दुसऱ्याच कोणाची निवड व्हायची. कोणी स्पष्ट कारण सांगत नसे. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै सारस्वत ब्राह्मण. त्यांनी सत्काराच्या वेळी हा मान खरे तर बाळूंचा होता असे मोकळेपणाने मान्य केले. पै प्रामाणिक होते, असे आम्हाला वाटते. पण त्यांच्या प्रामाणिकपणाने निवड समिती हलली नाही.

यामागचे गणित साधे आहे. हिंदू जिमखान्याला बाळूंची बोटे हवी होती. त्यांचा हुकूम नको होता. गोलंदाजाने चेंडू टाकायचा, कर्णधाराने सांगायचे कुठून टाक आणि कधी थांब. एखाद्या ब्राह्मण खेळाडूला अस्पृश्याने सीमारेषेवर उभे राहायला सांगावे, ही कल्पना सहभोजनापेक्षाही जड होती. आज सरकारी कार्यालयात आपल्या माणसाला साहेबाची खुर्ची मिळाल्यावर खालच्या टेबलावर जी कुजबुज सुरू होते, तिचे मूळ इथे दिसते.

इथे थोडे अवांतर. आमचे इनामगाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. मधोमध गावप्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, त्याला लागून धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला. तेव्हा जात होती असे कोणी म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. पण हाताने घडवणारा कडेला आणि वाटप करणारा मध्यभागी, ही मांडणी किती जुनी आहे हे ते नकाशे पाहताना जाणवते. आणि हेही खरे की गावप्रमुखाच्या घराच्या आज फक्त भिंतींच्या खुणा उरल्या आहेत. कुंभाराने रंगवलेली मडकी संग्रहालयात लोक पाहायला जातात.

१९२० साली हे प्रकरण चिघळले. बाळू चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते, त्यांना आधी संघातूनच वगळले. पै आजारी होते, म्हणून मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर चांगले फलंदाज होते यात वाद नाही, पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा पालवणकरांपेक्षा ते अनुभवाने कमी होते. या दोघांनी खेळायला नकार दिला आणि आपल्याला जातीमुळे डावलले जाते हे जाहीर निवेदन काढून सांगितले. जिंकण्याची संधी समोर असताना त्यांनी बॅट खाली ठेवली. आमच्या मते तिन्ही-चारही भावांच्या कारकिर्दीतली ही सर्वोत्तम खेळी आहे आणि धावफलकावर तिची नोंद शून्यसुद्धा नाही. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंनाही घेतले गेले आणि उपकर्णधार केले गेले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदूंचे नेतृत्व केले. चौरंगीतले त्यांचे नेतृत्व एवढेच. सामना अनिर्णित राहिला. प्रथम श्रेणीची कारकीर्द तिथे संपली : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, म्हणून आपल्याला यातले बरेच कळते. सर्वांत धाकटा भाऊ गणपतही संघात खेळला, पण तो तरुणपणीच वारला. धाकट्या भावाला जो मान मिळाला तो बाळूंना का नाही मिळाला, असा प्रश्न मुले विचारतात. उत्तर असे आहे की दार एकाने ढकलत राहायचे असते आणि कधी कधी ते उघडते तेव्हा आत दुसरा जातो. बाळूंनी जवळजवळ दहा वर्षे ते दार ढकलले. वेस्ट इंडीजच्या संघातही असेच झाले. तिथे गोरा माणूसच कर्णधार व्हायचा. जॉर्ज हेडली हा कृष्णवर्णीयांतला थोर फलंदाज एका कसोटीपुरता कर्णधार झाला आणि १९६० साली फ्रँक वॉरेलला पूर्ण मालिकेचे कर्णधारपद मिळाले. वॉरेलचा संघ ऑस्ट्रेलियात ती मालिका हरला. तरी निरोपाच्या दिवशी मेलबर्नच्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली आणि हरलेल्या संघाची मिरवणूक निघाली, कारण त्यांनी ज्या रीतीने क्रिकेट खेळले ते लोक विसरू शकत नव्हते.

आता अवघड भाग. आपल्या वाचकांसमोर तो टाळून चालणार नाही.

क्रिकेट सोडल्यावर बाळू राजकारणात आले आणि ते बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. ते गांधीजींच्या प्रभावाखाली होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. पुढल्या वर्षी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत ते हिंदुमहासभेतर्फे उभे राहिले आणि पडले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी त्याला विरोध केला. आणि १९३७ ला काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभे केले.

आमचे मत स्पष्ट आहे : बाळू चुकले. ज्या लोकांनी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला, त्यांचे मन हळूहळू बदलेल असा त्यांना विश्वास होता, कारण त्यांच्या आयुष्यात ते थोडेफार बदललेले त्यांनी पाहिले होते. पुण्यात कप वेगळा होता, मुंबईत ताट एक झाले, १९२३ ला भाऊ कर्णधार झाला. ज्याला एवढे दिसले, त्याला सुधारणेवर भरवसा बसणे समजू शकते. बाबासाहेबांना मात्र एका कुटुंबाचा नाही, कोट्यवधींचा हिशेब करायचा होता, आणि ज्याला रोलर ओढायचीही नोकरी मिळत नाही त्याने किती दिवस वाट पाहायची, हा त्यांचा प्रश्न होता. इतिहासाने बाबासाहेबांना बरोबर ठरवले. पण चुकलेला माणूस आणि विकला गेलेला माणूस यांत फरक असतो. बाळूंना गद्दार म्हणणारे काही तरुण आम्ही पाहिले आहेत. ज्या काँग्रेसने त्यांना उभे केले तिचा डाव जरूर उघडा करावा. सवर्ण नेत्याला न उतरवता आपल्यातलाच लोकप्रिय माणूस आपल्यासमोर उभा करण्याची ही युक्ती पुढे किती वेळा वापरली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या युक्तीत वापरल्या गेलेल्या माणसाचे १७९ बळी त्यामुळे पुसले जात नाहीत, १९२० चा अपमानही पुसला जात नाही.

हार-जितीची मोजपट्टी आपण बाबासाहेबांना लावतो का, हेही पाहा. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेब हरले. देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला लोकसभेत जाता आले नाही. त्या दोन पराभवांनी बाबासाहेब लहान झाले असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. दुसऱ्या पराभवानंतर अडीच वर्षांच्या आत नागपूरला जे घडले, ते कोणत्याही मतपेटीतून आलेले नव्हते. मग आपल्याच घरातल्या पोराचे नाव यादीत नसले की आपण वेगळी मोजपट्टी का काढतो?

बुद्धांनी ज्या आठ लोकधर्मांबद्दल सांगितले त्यात लाभ आणि अलाभ, यश आणि अपयश या जोड्या आहेत. विहारात आपण ते ऐकतो, माना डोलावतो आणि बाहेर आल्यावर गुणपत्रिका विचारतो. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते आणि हरलेला दुःखात झोपतो, हा धम्मपदातला विचार कोसलचा राजा पसेनदी पुन्हा पुन्हा युद्ध हरून अन्नपाणी सोडून बसला होता त्या प्रसंगाशी जोडला जातो. म्हणजे राजासुद्धा निकालाच्या दिवशी उपाशी झोपत होता. याचा अर्थ जिंकायचा प्रयत्न करू नये असा लावणारे चुकतात. बाळूंनी प्रत्येक चेंडू फलंदाज बाद व्हावा म्हणूनच टाकला होता. प्रयत्न आपल्या हातात होता, कर्णधार कोणी करायचे हे समितीच्या हातात होते. ज्या गोष्टी दुसऱ्याच्या हातात आहेत त्यांवरून स्वतःची किंमत ठरवू द्यायची नाही, एवढे त्यांना जमले. त्यांनी समितीकडे मान मागितला, पण तो मिळेना म्हणून गोलंदाजी कधी सैल केली नाही. आकडे ते सांगतात.

आमच्या भागातल्या मंडळांना एक सुचवावेसे वाटते. जयंतीला गुणवंतांचा सत्कार ठेवता तो ठेवा. पण ज्या पोरांनी वर्षभर पहाटे उठून लहानग्यांना धावायला शिकवले, अभ्यासिकेची फरशी पुसली, दिवे लावले आणि स्वतः यादीत आली नाहीत, त्यांना व्यासपीठाखाली खुर्च्या मांडायला ठेवू नका. भरतीत तीनदा बाद झालेला मुलगा चौथ्या वर्षी दुसऱ्यांना धावण्याचे तंत्र सर्वांत चांगले शिकवतो, हा आमचा अनुभव आहे. त्याला मैदान ठाऊक असते. एखाद्या वर्षी तालुक्यातल्या क्रिकेट स्पर्धेचा गोलंदाजीचा करंडक पी. बाळूंच्या नावाने द्या. आणि तो देताना १९३७ ची गोष्ट लपवू नका, तीही सांगा. पोरे तेवढी शहाणी आहेत.

हिंदुस्थानने पहिली कसोटी खेळली ती १९३२ साली, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव कधी आले नाही. ४ जुलै १९५५ ला मुंबईत त्यांचे निधन झाले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या सतरा महिने आधी. प्रभादेवीला एका रस्त्याला पी. बाळू मार्ग असे नाव आहे. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांना तो फार लांब नाही.